‘कुत्र्यामांजरांचा पाऊस’ : एका वाक्प्रचाराचें औचित्य

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला आणि शाळांचीं दारें उघडलीं, कीं इंग्रजी निबंधाच्या वहींत एक विषय न चुकतां येतो. तो म्हणजे ‘पावसाळ्यांतील एक दिवस’. आणि हा विषय आला, कीं निबंधाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळींत एक वाक्यही न चुकतां येतें : ‘इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज.’ आमच्या पिढीनें तें लिहिलें. आमच्या वडिलांच्या पिढीनेंही तें लिहिलें असावें. आणि परवांच शेजारच्या एका मुलीची वही सहज चाळली, तींतही तें त्याच जागीं, त्याच डौलानें बसलेलें दिसलें. शिक्षकांनीं त्याखालीं तांबड्या शाईची रेघ ओढून समासांत ‘छान’ असा शेरा दिला होता. तो शेरा पाहून आमच्या मनांत जे विचार आले, ते वाचकांपुढें मांडावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रश्न दिसण्यांत लहान आहे. हवापाण्याविषयींचा हा एक इंग्रजी वाक्प्रचार लेखनांत शुद्ध रीतीनें कसा वापरावा, एवढाच तो प्रश्न. कोणी म्हणेल, यासाठीं मासिकाचीं पानें कशाला खर्चावीं? व्याकरणाचें पुस्तक उघडावें म्हणजे झालें. परंतु आमचें म्हणणें असें आहे कीं, या प्रश्नाचा व्याकरणाशीं संबंध थोडा व औचित्याशीं संबंध फार मोठा आहे. आणि आपल्याकडील इंग्रजीच्या शिक्षणांत जें शिकविलें जात नाहीं, तें नेमकें हेंच.

प्रथम या वाक्प्रचाराचें कुळ पाहूं. सतराव्या शतकाच्या मध्यास तो इंग्रजी ग्रंथांत दिसूं लागतो. हेन्री व्हॉन या कवीच्या १६५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संग्रहांत कुत्रे आणि मांजरें सरीबरोबर कोसळतात. १६५३ सालीं छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या ‘द सिटी विट’ या नाटकांत कुत्रे आहेत, पण मांजरांच्या जागीं ‘पोलकॅट’ नांवाचा मुंगसासारखा एक उग्र वासाचा प्राणी आहे. म्हणजे त्या काळीं हा प्रयोग अजून घट्ट झाला नव्हता. आभाळांतून कोणता प्राणी पाडावा, हें लेखकाच्या लहरीवर अवलंबून असे. आज आपण जें रूप पाठ करतों, तें जवळजवळ तसेंच जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या एका पुस्तकांत आढळतें.

आणि खरी मौज येथेंच आहे. स्विफ्टचें हें पुस्तक कशाचें? लंडनच्या प्रतिष्ठित मंडळींच्या तोंडीं जीं वाक्यें वापरून वापरून गुळगुळीत झालीं होतीं, तीं त्यानें वेचून काढलीं, तीन संवादांत गुंफलीं, आणि सायमन वॅगस्टाफ या बनावट नांवानें वर एक गंभीर प्रस्तावना जोडून, ‘सभ्य व चतुर संभाषणाचा संपूर्ण संग्रह’ अशा अर्थाच्या लांबलचक नांवाखालीं तीं वाचकांपुढें ठेविलीं. हेतु उघड होता : विचार न करितां बोलणाऱ्यांची थट्टा. ज्या पंक्तीस हा वाक्प्रचार त्या वेळीं बसला होता, ती शिळ्या वाक्यांची पंक्ति होती. इंग्रजी भाषेंतील एका श्रेष्ठ उपहासकारानें जें वाक्य हंसण्यासाठीं नमुना म्हणून ठेविलें, तेंच पावणेतीनशें वर्षांनंतर आमचीं मुलें अलंकार म्हणून घालतात, आणि आम्ही त्याखालीं ‘छान’ असें लिहितों!

या वाक्प्रचाराच्या उत्पत्तीविषयीं अनेक कथा प्रचलित आहेत. कोणी म्हणतात, जुन्या काळीं इंग्लंडांतील गवती छपरांवर कुत्रीं-मांजरें निजत व पाऊस लागला कीं घसरून खालीं पडत. कोणी उत्तरेकडील जुन्या देवांचीं वाहनें व सोबती पुढें आणतात. कोणी स्विफ्टच्याच १७१० सालच्या, शहरांतील एका सरीचें वर्णन करणाऱ्या कवितेकडे बोट दाखवितात. तींत गटारांच्या लोंढ्याबरोबर मेलेलीं जनावरें वाहत येतात. यांपैकीं एकाही कथेस पुरावा नाहीं. ऐन पावसांत गवती छपरावर जाऊन बसणारें मांजर आम्हीं तरी कोंकणांत कोठें पाहिलेलें नाहीं. व्युत्पत्ति गोड असली म्हणजे ती खरी असते असें नाहीं, एवढें ध्यानांत ठेवून पुढें जावें हें बरें.

आतां व्याकरण. मराठींत पाऊस हा कर्ता आहे. तो येतो, पडतो, कोसळतो, झोडपतो, दडी मारतो. इंग्रजींत ‘रेन’ हें क्रियापद स्वतःच पडतें, आणि त्यास कर्ता म्हणून ‘इट’ हा पोकळ शब्द द्यावा लागतो. त्या ‘इट’चा अर्थ विचारूं नये, तो नाहींच. अशा क्रियापदास कर्माची गरज नसतां या वाक्प्रचारांत ‘कॅट्स अँड डॉग्ज’ हे शब्द कर्माच्या जागीं येऊन बसले आहेत, आणि तेथून त्यांस हलवितां येत नाहीं. मांजरें आधीं, कुत्रे नंतर, दोन्ही अनेकवचनीं, मागें उपपद नाहीं, विशेषण नाहीं, संख्या नाहीं. ‘डॉग्ज अँड कॅट्स’ असा क्रम फिरविला, किंवा कुत्र्यामांजरांस कर्त्याच्या जागीं बसविलें, कीं वाक्य मोडलें. पुढें ‘हेव्हिली’ असें क्रियाविशेषण जोडणें म्हणजे पुनरुक्ति. हा प्रयोग शोभतो तो डोळ्यांदेखत कोसळणाऱ्या एखाद्या सरीस. ‘कोंकणांत जून ते सप्टेंबर असा पाऊस पडतो’ अशा सामान्य विधानास तो शोभत नाहीं. हे सर्व नियम एका तासांत शिकवितां येतात, आणि आमचे बहुतेक विद्यार्थी ते पाळतातही. त्या मुलीचें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतें.

मग दोष कोठें आहे? तो आहे शाळेंतील ‘मार्गदर्शक’ पुस्तकांच्या एका समीकरणांत. डाव्या बाजूस ‘टु रेन कॅट्स अँड डॉग्ज’, उजव्या बाजूस ‘मुसळधार पाऊस पडणें’, आणि मध्यें बरोबरीची खूण. अर्थापुरतें पाहिलें तर समीकरण खोटें नाहीं. दोन्हींचा अर्थ जोराचा पाऊस असाच. परंतु शब्दाची किंमत केवळ अर्थावरून ठरत नाहीं; त्याची जात, त्याचें वय व त्याची चालरीत हींही पाहावीं लागतात. मराठींत ‘मुसळधार’ हा शब्द मूळचा रूपकाचाच. पावसाच्या धारा मुसळासारख्या जाड असें तो सांगतो. पण तें मुसळ आतां कोणास दिसत नाहीं. तो शब्द कवितेंत चालतो, वर्तमानपत्रांत चालतो, तहसीलदाराच्या अहवालांत चालतो आणि दुःखाच्या पत्रांतही चालतो. त्याचा चेहरा गंभीर आहे. इंग्रजी वाक्प्रचारांतील मांजरें व कुत्रे मात्र अद्याप दिसतात. तो घरगुती आहे, किंचित् विनोदी आहे, आणि आतां म्हाताराही झाला आहे. हल्लींचे इंग्रजी कोश त्याच्यापुढें कोणी ‘बोलीतील’, कोणी ‘जुना’ अशी खूण करतात. खुद्द इंग्रज मनुष्य आज पाऊस कोसळूं लागला म्हणजे बहुधा ‘इट इज पोअरिंग’ एवढेंच म्हणतो. अर्थाचें भाषांतर झालें, पण चेहऱ्याचें झालें नाहीं. आणि वाचणाऱ्यास प्रथम चेहराच दिसतो.

हा भेद पुस्तकी नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें शिकलों. सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या आळींत एक गृहस्थ राहत. ते एका खाजगी कचेरींत शिपाई होते. एका श्रावणांत रात्रभर पाऊस लागला आणि पहाटे त्यांच्या घराची पश्चिमेकडील मातीची भिंत बसली. सुदैवानें माणसें बचावलीं. भिंत उभी करण्याकरितां पगारांतून उचल मागावयाची होती, आणि त्या कचेरींत अर्ज इंग्रजींतच द्यावा लागे. आळींत इंग्रजी जाणणारे म्हणून आमची ख्याति. आम्हीं मोठ्या हौसेनें अर्ज लिहून दिला, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यांत मांजरें व कुत्रे यांची वृष्टि केली. शाळेंत ज्या वाक्यास शाबासकी मिळाली होती, तें एवढ्या महत्त्वाच्या कामीं कसें वगळावें?

संध्याकाळीं ते गृहस्थ परत आले. म्हणाले, “भाऊसाहेब, काम होणार असें दिसतें. साहेबांनीं अर्ज मोठ्यानें वाचला, आणि सगळे मनापासून हंसले. मीही हंसलों.”

उचल मिळाली नाहीं. ती त्या वाक्यामुळें नाकारली गेली असें म्हणण्यास आमच्यापाशीं कांहीं आधार नाहीं. कचेरीच्या नियमांतच ती बसत नसेल. परंतु भिंत पडलेल्या मनुष्याच्या अर्जावर एक कचेरी हंसली, आणि आपल्या अर्जावर आपण कां हंसत आहों हें न कळतां तो मनुष्यही हंसला, याचें कारण आम्हीच होतों. वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. चूक होती ती अशी कीं, ज्या दुःखाविषयीं लिहावयाचें, त्याकडे न पाहतां आम्ही आमच्या इंग्रजीकडे पाहत होतों.

अकराव्या शतकांत काश्मीरच्या क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ हा ग्रंथ लिहून औचित्य हेंच काव्याचें जीवित होय असा सिद्धांत मांडला. अलंकार कितीही मोलाचा असो, अस्थानीं घातला कीं तो हास्यास कारण होतो, हें त्याच्या विवेचनाचें सार. आपण हा सिद्धांत संस्कृत काव्यास लावतों, क्वचित् मराठी काव्यासही लावतों. परकीय भाषेंत चार ओळींचा अर्ज लिहितांना मात्र तो विसरतों. वस्तुतः तेथें त्याची गरज अधिक. कारण स्वभाषेंत औचित्य कानाला आपोआप कळतें, परभाषेंत तें मुद्दाम शिकावें लागतें. इंग्रजांसही हा उपदेश त्यांच्याच भाषेंत करावा लागला आहे. फाउलर यांनीं १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशांत झिजलेल्या अलंकारांची कडक झडती घेतली. आणि जॉर्ज ऑर्वेल यानें १९४६ सालच्या एका निबंधांत, जें रूपक छापील मजकुरांत वारंवार डोळ्यांखालून जातें तें वापरूंच नये, असा नियम घातला. त्याचा मुद्दा असा कीं, तयार वाक्यें लेखकाऐवजीं विचार करूं लागतात, आणि मग लेखकास काय दिसलें हें वाचकास कधींच कळत नाहीं.

याचें एक उदाहरण मुंबईचेंच देतां येईल. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाब्यास सुमारें ७३ मिलिमीटर पडला. एकीकडे लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या, मोटारींत माणसें गुदमरलीं, दरडी कोसळल्या, शेंकडों लोक मेले. दुसरीकडे मुंबईकरास सवयीचा असा एक जोराचा पावसाळी दिवस गेला. आतां ‘कॅट्स अँड डॉग्ज’ हें वाक्य दोन्ही ठिकाणीं सारखेंच लागूं पडतें, आणि म्हणूनच तें दोन्ही ठिकाणीं निरुपयोगी आहे. कुलाब्याविषयीं तें फारसें कांहीं सांगत नाहीं; सांताक्रूझविषयीं तें वापरणें हा मृतांचा अपमान आहे. भारतीय हवामान खात्याची परिभाषा रूक्ष खरी, पण ती प्रामाणिक आहे : चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढें ‘हेवी’, ११५.६ पासून ‘व्हेरी हेवी’, आणि २०४.५ पासून ‘एक्स्ट्रीमली हेवी’. ही शेवटची पायरी त्या दिवशीं सांताक्रूझनें चार वेळां ओलांडून वर पाऊस घेतला, असें म्हटलें कीं अंगावर जो कांटा येतो, तो आभाळांतून कितीही जनावरें पाडलीं तरी येणार नाहीं.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, मग परक्यानें इंग्रजी वाक्प्रचार वापरूंच नयेत काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. वाक्प्रचारांत भाषेचा जीव असतो, आणि जनावरांस पावसाशीं जोडण्यांत इंग्रजच एकटे आहेत असेंही नाहीं. आमचें पंचांग पाहावें. मृगापासून पुढें प्रत्येक पर्जन्यनक्षत्रास एक वाहन दिलेलें असतें : हत्ती, म्हैस, बेडूक, मोर, गाढव, उंदीर, कोल्हा, मेंढा, घोडा. म्हैस किंवा बेडूक आला कीं शेतकरी भरपूर पावसाची आशा धरतो. कोल्हा किंवा मेंढा आला कीं मान हलवितो. आतां अशी कल्पना करावी कीं, एखाद्या परदेशी गृहस्थानें मराठी शिकतांना ‘वाहन म्हैस’ म्हणजे पुष्कळ पाऊस, असें वहींत टिपून ठेविलें, आणि पुरांत घर वाहून गेलेल्या कुटुंबास समाचाराचें पत्र लिहितांना ‘आपल्या गांवीं म्हशीचा पाऊस झाल्याचें कळलें’ असें लिहिलें. त्याचा हेतु चांगला, व्याकरण शुद्ध, अर्थही जवळपास बरोबर. आणि तरीही तें पत्र हातांत धरवणार नाहीं. आमच्या अर्जांतील वाक्य त्या कचेरीच्या कानास असेंच लागलें असेल.

तेव्हां नियम सांगावयाचा तो इतकाच. मित्रास पत्र लिहितांना, कथेंतील पात्राच्या तोंडीं, गप्पांच्या ओघांत, किंवा थोड्या हंसऱ्या सुरांत भिजल्याची हकीकत सांगतांना हा वाक्प्रचार खुशाल वापरावा. मात्र तो आतां आजोबांच्या छत्रीसारखा जुना दिसतो हें ध्यानांत ठेवावें. अर्ज, अहवाल, बातमी, शोकपत्र आणि ज्यांत कोणाचें नुकसान सांगावयाचें आहे असें कोणतेंही लेखन, यांत तो मुळींच वापरूं नये. तेथें ‘हेवी रेन’ हे दोन साधे शब्द पुरतात. आणि पाऊस किती वेळ पडला, कोठें पडला व त्यानें काय केलें, हें सांगितलें म्हणजे बाकीचें काम वाचकाचें मन करतें. ‘हेवी’च्या जागीं ‘स्ट्राँग’ घालूं नये. इंग्रजींत वारा ‘स्ट्राँग’ असतो, पाऊस ‘हेवी’. अशा जोड्या शिकविण्यांत जो वेळ जाईल, तो वाक्प्रचारांच्या याद्या घोकविण्यांत जाणाऱ्या वेळापेक्षां अधिक सार्थकीं लागेल.

हा दोष केवळ आमच्या इंग्रजीचा आहे अशी समजूत मात्र कोणी करून घेऊं नये. मराठी वर्तमानपत्रांत पाऊस क्वचितच नुसता पडतो. तेथें ‘वरुणराजा’ ‘दमदार हजेरी’ लावतो आणि ‘बळीराजा’ ‘सुखावतो’. ज्या वर्षीं काढणीला आलेलें पीक पावसानें आडवें होतें, त्या वर्षींही राजा तोच, हजेरी तीच. ज्या भाषेंत रिमझिम, भुरभूर, संततधार, झड, वळीव, उघडीप असे डोळ्यांनीं पाहून घडविलेले शब्द आहेत, तिनें असे रेडीमेड राजे कां बाळगावे? इंग्रजीच्या तासास आपण तयार वाक्यावर ‘छान’ असा शेरा देतों, त्याची संवय मराठीच्या तासासही जाते.

शिक्षकांस दोष देण्याचा आमचा उद्देश नाहीं. पन्नाससाठ वह्यांचा ढीग तपासतांना एक ओळ बिनचूक आढळली तर हायसें वाटणें साहजिक आहे, आणि मुलीस हुरूप यावा हाही त्या शेऱ्याचा हेतु असेल. आमची विनंती एवढीच कीं, ‘छान’ याच्यापुढें एक प्रश्न लिहावा : ‘त्या दिवशीं तूं काय पाहिलेंस?’ त्या मुलीच्या निबंधांत पुढें एक वाक्य होतें, त्याखालीं रेघ नव्हती. तिनें साध्या इंग्रजींत लिहिलें होतें कीं, अंगणांतली आजीची तुळस पाण्यांत बुडाली आणि फक्त तिच्या मंजिऱ्या वर दिसत होत्या. त्या पावसाचें सर्व वर्णन त्या एका वाक्यांत होतें.

आमचा तो अर्ज आज पुन्हां लिहावयाचा असता, तर आम्हीं तो असा लिहिला असता : रात्रभर पाऊस पडला, पहाटे चारच्या सुमारास घराची पश्चिमेकडील भिंत पडली, घरांत पांच माणसें आहेत, भिंत बांधण्यास अमुक रुपये लागतील. यांत एकही वाक्प्रचार नाहीं. तो वाचून उचल मिळाली असती कीं नसती, हें सांगतां येत नाहीं. पण कोणी हंसलें नसतें.